गोळीच्या आधी एकदा जंत दाखवा

माननीय जिल्हा हिवताप अधिकारी, भंडारा यांस,


साहेब, तुमच्या कार्यालयाच्या पाटीवर ‘हिवताप’ लिहिलेलं असलं तरी डासानं आणलेलं सगळंच शेवटी तुमच्या टेबलावर येतं. मी आज फक्त हत्तीरोगाबद्दल लिहितो आहे. पवनी तालुक्यात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. तक्रार काही नाही, एक मागणी आहे. अर्ज करून आवक-जावकचा शिक्का घेता आला असता. पण मागणी एका गावापुरती नाही, आणि ती लोकांनीही वाचावी असं वाटतं, म्हणून पाकीट बंद केलं नाही.

मागणी अशी. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम गावात यायच्या आठ-दहा दिवस आधी, एका रात्री, समाजमंदिरात एक सूक्ष्मदर्शक मांडा आणि लोकांना तो जंत जिवंत, वळवळताना दाखवा. भाषण नको, फ्लेक्स नको. एकेकानं यायचं, डोळा लावायचा आणि बाजूला व्हायचं.

हे सुचलं कशावरून, तर पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका रात्रीवरून. गावात रात्रीची रक्ततपासणी आली होती. तंत्रज्ञ तरुण पोरगा होता. काम आटोपून तो शाळेच्या व्हरांड्यात चहाला टेकला. शाळेच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता, आरसा डागाळलेला, पण दहाचं भिंग शाबूत. मी सहज विचारलं, “जिवंत दिसेल का हो?” आधीच्या फेरीत ज्याच्या रक्तात जंत सापडले होते अशा एकाचं ताजं रक्त त्याच्याकडं होतं, त्या माणसाला विचारूनच घेतलेलं. त्यानं हातमोजे चढवले, थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली. लाल पेशींच्या गर्दीत केसाच्या तुकड्यासारखं काहीतरी झटके देत होतं. पुढं फारसं सरकत नव्हतं. जागच्या जागी पीळ घेत होतं आणि भोवतालच्या पेशी भुसा उधळावा तशा उधळत होतं. पाव मिलिमीटर लांबीचा जीव तो. शाळेच्या भिंगातून स्पष्ट दिसतो, त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

अर्ध्या तासात व्हरांड्यात चाळीसेक माणसं जमली. एका म्हातारीनं डोळा लावला आणि झटकन मागं सरली. “जित्ता हाय ना जी हा!” तिला बहुधा गोळ्यांच्या जाहिरातीतलं चित्रच ठाऊक होतं, आणि चित्र हलत नाही. त्यानंतर गावात गोळ्या आल्या तेव्हा हुज्जत फार झाली नाही. तरी दोघं-तिघं नाहीच म्हणाले, ते सांगायला हवं.

नाही म्हणणाऱ्यांचा प्रश्न मी नंतर सगळीकडं ऐकला आहे, आणि तुम्ही तर रोज ऐकत असाल: “मी त बेस हाव, मंग गोरी काहाले खाऊ?” आपले स्वयंसेवक याला अडाणीपणा समजतात आणि ‘सरकारनं सांगितलंय’ म्हणून उत्तर देतात. मला हा प्रश्न अडाणी वाटत नाही. आजाऱ्याला औषध देतात, धडधाकटाला नाही, एवढा व्यवहार त्या माणसाला कळतो. हत्तीरोगात हा व्यवहार उलटा का होतो, हे शोधायला प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांची कितीतरी वर्षं गेली. त्यांना जे सापडलं ते गावाला सांगितलेलंच नाही.

मी मुलांना ते आपल्या मालगुजारी तलावांवरून सांगायचो. तलावातून पाट, पाटातून बांध्यांना पाणी, आणि बांध्यांतलं जास्तीचं पाणी उतारानं नाल्याला. शरीरात रक्त हे येणारं पाणी. पेशींच्या मधे झिरपून उरलेलं पाणी गोळा करून परत नेणारी जी बारीक वाट, ती लसिकावाहिनी. वाट बुजली की बांधीत पाणी साचतं, पाळ भुसभुशीत होते, पायाचंही तसंच. पण या वाटेला आणखी एक काम आहे. पांढऱ्या पेशींची जा-ये तिच्यातूनच होते, लसिकाग्रंथींच्या चौक्या तिच्यावरच आहेत. आणि वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा हा जंत घर करतो तो नेमका याच वाटेत. चोरानं पोलीस ठाण्याच्या आवारात बिऱ्हाड थाटावं, आणि पाच-सात वर्षं सुखानं नांदावं. मादी दोऱ्यासारखी बारीक, आठ-दहा सेंटीमीटर लांब. तिची पिल्लं हजारोंनी रक्तात उतरतात; व्हरांड्यात भिंगाखाली दिसलं ते असंच एक पिल्लू.

मग शिपाई करतात काय? इथं शाळेच्या पुस्तकातलं चित्र कामाचं नाही. पुस्तकात शत्रू येतो, पांढऱ्या पेशी धावतात, लढाई होते. ज्याच्या रक्तात ही पिल्लं भरपूर आहेत पण पाय ठणठणीत आहेत, अशा माणसाच्या पांढऱ्या पेशी शास्त्रज्ञांनी बशीत घेतल्या आणि त्यांना जंताची प्रथिनं दाखवली. पेशी ढिम्म. त्याच पेशींना दुसऱ्या एखाद्या जंतूचा अंश दाखवला, तर त्या नीट उठून कामाला लागल्या. म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी नव्हती, फक्त या एका पाहुण्यापुरती गप्प बसवलेली होती. जंत असे काही पदार्थ सोडतो की शरीर स्वतःच ‘शांत व्हा’ असे निरोप पाठवू लागतं. त्यातला एक निरोप म्हणजे इंटरल्युकिन-१०, आणि लढणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात त्या वेगळ्याच. प्रतिपिंडंही बनतात, पण त्यांत आयजीजी-४ या जातीची फार, जी जंताला चिकटते आणि भांडण पेटू देत नाही. तह म्हणतात तो हाच.

ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे त्याच्याकडं गोष्ट बहुतेकदा उलटी असते. रक्तात पिल्लं सापडत नाहीत, आणि बशीत त्याच्या पेशी जंताच्या प्रथिनांवर तुटून पडतात. तह मोडलेला असतो. लढाई वाहिनीच्या आत होते, सूज येते, वाटेच्या भिंती खराब होतात. नुकसान जंत करतो तितकंच भांडणही करतं.

माझ्या आजीचा डावा पाय असा होता. तिला आम्ही तोरड्या घातलेलं कधी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत ती मागं बसायची, पाय पदराखाली ओढून. लोक तिच्यापासून पोरं लांब ठेवायचे. आज मला वाटतं, तिच्या रक्तात डासाला नेण्यासारखं तेव्हा बहुधा काहीच उरलेलं नव्हतं. गावातल्या डासांना जंत पुरवत होता तो कोणी वेगळाच, नांगर धरणारा, कुस्ती खेळणारा, कधी डोकंही न दुखलेला. ‘मी त बेस हाव’ म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर एवढंच आहे: बाबा, तुझं शरीर भांडत नाही म्हणून तू बेस आहेस, आणि तू बेस आहेस म्हणूनच गोळी तुला. हे वाक्य आशाताईंच्या तोंडी द्या. पण आधी भिंग दाखवून. नुसतं सांगितलं तर तोही अपमान वाटेल.

रात्रच का, याचीही एक गोष्ट आहे. माणसाच्या रक्तात ही पिल्लं टिमथी लुईस यानं पाहिली ती कोलकात्यात, १८७२ साली. पाच वर्षांनी पॅट्रिक मॅन्सन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं चीनमधल्या अमॉय बंदरात आपल्या रोगी माळ्याचं रक्त डासांना पाजलं आणि डासाच्या पोटात ती पिल्लं वाढताना पाहिली. डास रोग वाहतो हे माणसाला असं पहिल्यांदा दिसलं, मलेरियाच्याही आधी वीस वर्षं. पुढं त्याच्याच लक्षात आलं की पिल्लं दिवसा बोटाच्या रक्तात सापडत नाहीत. दिवसा ती खोल, मुख्यतः फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास वर येतात, कारण क्युलेक्स डास चावतो तो त्याच वेळी. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईची नाटकं उभी राहतात, ती नेमकी याच वेळेत रंगात येतात. हजार-दोन हजार माणसं मंडपात, पाय उघडे, डास भोवती. नाटक बंद करा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः त्यात दोनदा राजा झालो आहे. मला त्यात सोय दिसते. रात्री साडेदहाला जागा असलेला एवढा समाज तुम्हाला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मिळणार?

आता गोळीबद्दल. डीईसी हे औषध १९४७ साली अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढच्याच वर्षी ते वारले. या औषधाची गंमत मी बारावीच्या मुलांना मुद्दाम सांगायचो. बशीत पिल्लं ठेवा आणि त्यांवर डीईसी टाका; माणसाच्या रक्तात असतं तेवढ्या प्रमाणात टाकलं तर ती आरामात वळवळत राहतात. तेच औषध माणसाच्या पोटात गेलं की काही मिनिटांत, तासांत रक्तातली पिल्लं कमी होऊ लागतात. म्हणजे मारण्याचं बरंचसं काम आपल्याच पेशी करतात. औषध त्या तहाला सुरुंग लावतं, आणि इतकी वर्षं डोळेझाक करत आलेल्या पेशींना चोर दिसू लागतो.

म्हणूनच गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. मेलेल्या पिल्लांचे अंश रक्तात सुटतात. शिवाय जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू वस्तीला असतात, जंत मेला की तेही बाहेर पडतात आणि शरीर आणखी चेततं. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त, त्याला त्रास जास्त. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला बहुधा काहीच होत नाही.

साहेब, ही गोष्ट लपवण्यानं किती नुकसान होतं ते मी पाहिलं आहे. लेक दिली त्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात, नाव नको. स्वयंसेविका चांगली बाई, पण तिला शिकवलं तसं ती घरोघर सांगत गेली: “घ्या, काही होत नाही.” त्या रात्री आळीत बाराएक माणसं तापली. कुणाला गंभीर काही झालं नाही, दोन दिवसांत सगळे कामावर. पण पुढच्या खेपेला गोळ्या हातावर घेतल्या गेल्या आणि परसातल्या नालीत गेल्या. तिच्यासमोर गिळल्यासारखं केलं, जिभेखाली ठेवली, तीही माणसं होती. ‘काही होत नाही’ऐवजी तिला असं सांगता आलं असतं: “तुमच्या अंगात जंत असेल तर आज रात्री ताप येऊ शकेल, आणि तो आला म्हणजे तुमचं अंग जागं झालं. जास्त वाटलं तर मला हाक मारा, पथक येईल.” हे खरं आहे, आणि खऱ्यानं माणूस घाबरत नाही असं नाही, पण फसवला गेल्यासारखा चिडत तरी नाही.

आता मागणीचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण. नागपूर ओलांडून वर्ध्याकडं गेलं की सेवाग्राम. तिथं डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिच्या बायोकेमिस्ट्री विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं याच जंतावर काम केलं. अडचण काय होती पाहा. या जंताला प्रयोगशाळेतला उंदीर चालत नाही, त्याला माणूसच लागतो. म्हणजे अभ्यासाचा कच्चा माल प्राण्यांच्या पिंजऱ्यातून येणार नव्हता. तो रात्री उठून दंड पुढं करणाऱ्या माणसांच्या शिरेतून येणार होता. त्या रक्तातली पिल्लं वेगळी काढून द्रवात जिवंत ठेवायची, ती जे बाहेर टाकतात ते गोळा करायचं, आणि त्याच पदार्थावरून माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं ओळखणारी एलायझा चाचणी बसवायची. पुढं त्यांनी बोटाच्या टोचणीचं रक्त टिपकागदावर वाळवूनही ही तपासणी करून दाखवली, म्हणजे रात्रीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्याच गटातले पी. कलिराज नंतर चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात गेले आणि हत्तीरोगाच्या लशीवर काम करत राहिले.

शोधनिबंध जगभर वाचले गेले. त्यांत रक्तदात्यांची नावं नसतात, नसावीतही. पण ज्यांच्या रक्तावर हे उभं राहिलं त्या मुलखातल्या माणसाला आजही आपण ‘तोंड उघडा, गिळा’ एवढंच सांगतो. रक्त दिलं त्यानं निदान गोष्ट तरी ऐकावी. मला यात उपकार वाटत नाहीत, उधारी वाटते.

गोष्ट तर अशी भरली आहे की पडद्यावर दाखवावी. तिसरी गोळी, आयव्हरमेक्टिन, जपानमध्ये एका गोल्फ मैदानाजवळच्या चिमूटभर मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आली. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळालं. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तिन्ही गोळ्या एकत्र, एकदाच दिल्या, तर पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत शंभरातल्या ९६ जणांच्या रक्तातून पिल्लं गेली आणि तीन वर्षांनीही परतली नव्हती. २०१९च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या नागपुरात ही तिहेरी मात्रा सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत. आणि स्कॉटलंडमध्ये विल्यम हार्नेट नावाचे संशोधक उंदरांतल्या एका फायलेरिया जंताचं प्रथिन तपासत आहेत, कारण शरीराला शांत करण्याची त्याची युक्ती संधिवातात, जिथं शरीर स्वतःशीच भांडतं, उपयोगी पडेल का हे त्यांना पाहायचं आहे. चोराकडून कुलूप शिकण्याचा प्रकार. आठवीतला मुलगा हे ऐकून झोपणार नाही.

काही गोष्टी करायच्या तर नीट करा. त्या रात्री आमच्या व्हरांड्यात माझी एक चूक झाली, म्हणून सांगतो. पोरं विचारू लागली, “कोनाचा रकत होय हे?” मी दटावलं, पण तोवर दोघांनी अंदाज बांधला होता आणि सकाळपर्यंत तो तलावावर पोचला. तेव्हा रक्त त्याच गावचं नको. चार गावं पलीकडून, नळीत, न गोठेल अशा औषधासह, नाव नाही, गाव नाही. देणाऱ्याची परवानगी आणि त्याचा औषधोपचार आधी. काचपट्टी तंत्रज्ञाच्याच हातात, मुलांनी फक्त डोळा लावायचा.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना गोळीनं पाय पूर्ववत होत नाही, हेही त्याच रात्री सांगा. त्यांना ताप-थंडीचे झटके येतात ते बहुतेकदा बोटांच्या बेचक्यातून, भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळं. वाट बुजलेली, शिपाई वेळेवर पोचत नाहीत. रोज साबणानं पाय धुऊन, कोरडा करून, उंच ठेवला तर झटके कमी होतात. आजीला हे कुणी सांगितलं नाही, ती कडुनिंबाचा पाला बांधत राहिली. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया होते, हे तर गडीमाणसं लाजेनं विचारतच नाहीत.

आणि डास. लोक धानाच्या बांधीला दोष देतात. बांधीतल्या स्वच्छ पाण्यातला डास वेगळा. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, नालीत, मोरीत आणि संडासाच्या टाकीत. गावोगावी संडास झाले ते चांगलंच झालं, पण टाकीच्या वर गेलेला तो वाऱ्याचा पाइप बहुतेक घरी उघडा आहे. त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला तरी चालतो. या डासात जंताची संख्या वाढत नाही, जेवढी पिल्लं आत जातात त्याहून जास्त बाहेर येत नाहीत, आणि रोग जडायला चावे पुष्कळ लागतात. म्हणून तर हा रोग हटवता येतो. चीननं हटवला, श्रीलंकेनं हटवला, २०२३ मध्ये बांगलादेशानंही. आपल्या देशानं २०२७ साल ठरवलं आहे.

शाळेचा तो सूक्ष्मदर्शक अजून आहे. परवा जाऊन भिंग पुसून आलो, आरसा बदलून घेतला. मुख्याध्यापकांनी कपाटाची चावी द्यायचं कबूल केलं आहे, व्हरांड्यात दिवा आहे, चहाचं मी पाहतो. तारीख तुम्ही कळवा. फक्त रात्री दहाच्या आत येऊ नका. त्याआधी पिल्लं वर येत नाहीत.

आपला,
पवनी तालुक्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक